हौशी आणि धंदेवाईक : सूझान लांग्लेनच्या खेळाचें मोल

‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ हे दोन मराठी शब्द शेजारीं शेजारीं ठेवले, म्हणजे पहिल्याकडे आपण कौतुकानें पाहतों आणि दुसऱ्याकडे जरा भुंवया चढवून पाहतों. हौशी नट, हौशी गवई म्हटलें कीं कलेवरच्या निर्मळ प्रेमाचा भास होतो. धंदेवाईक म्हटलें कीं मागें कोठें तरी पैशाच्या पिशवीचा खुळखुळाट ऐकूं येतो. ही समजूत आजकालची नव्हे. वेतन घेऊन विद्या शिकविणारा तो ‘भृतकाध्यापक’, त्याला श्राद्धाच्या पंक्तीस बसवूं नये, असें मनुस्मृतींत सांगितलें आहे. गुण हें देवाचें देणें, त्याचा बाजार मांडूं नये, हा विचार कानाला फार गोड लागतो. परंतु ज्याच्या घरची चूल अगोदरच पेटलेली आहे त्यालाच तो परवडतो, ही त्याची दुसरी बाजू सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं.

खेळाच्या जगांत ही दुसरी बाजू ज्यांनीं उघडपणें मांडली, त्यांत फ्रान्सची टेनिसपटू सूझान लांग्लेन हिचें नांव अग्रभागीं आहे. आज टेनिसचे खेळाडू एका स्पर्धेंत लक्षावधि रुपये मिळवितात आणि त्यांत कोणाला वावगें वाटत नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं हीच गोष्ट केल्याबद्दल जगांतील पहिल्या क्रमांकाच्या स्त्रीला आपल्या क्षेत्राचे दरवाजे कायमचे बंद झालेले पाहावे लागले. ती तेथवर कशी चढली आणि तिनें तें पाऊल कां उचललें, हें समजण्यासाठीं तिच्या घरापासून आरंभ केला पाहिजे.

सूझानचा जन्म २४ मे १८९९ रोजीं पॅरिस शहरीं झाला. तिचे वडील शार्ल लांग्लेन हे औषधशास्त्र शिकलेले होते. पण घोड्यांनीं ओढावयाच्या प्रवासी गाड्यांचा धंदा त्यांना वडिलार्जित मिळाला होता. तो त्यांनीं विकून टाकला. त्यानंतर हें कुटुंब उत्तर फ्रान्समध्यें काँपियेन्य गांवाच्या परिसरांत राहूं लागलें आणि हिवाळ्यांत भूमध्यसमुद्राच्या कांठीं नीस येथें मुक्कामास जाऊं लागलें. नीसचें त्यांचें घर तेथील टेनिस क्लबाच्या समोरच होतें. धाकटा मुलगा लहानपणींच वारलेला, आणि राहिलेल्या ह्या मुलीला दम्याची व्यथा. आईबापांचें सारें लक्ष तिच्यावर केंद्रित व्हावें हें स्वाभाविकच होतें.

मुलीला मोकळ्या हवेंत कांहीं व्यायाम घडावा एवढ्याच हेतूनें १९१० सालच्या जून महिन्यांत शार्ल ह्यांनीं तिला एक खेळण्यांतली रॅकेट आणून दिली. तेव्हां ती ११ वर्षांची होती. तिचा हात आणि तिची नजर पाहून त्यांनीं थोड्याच दिवसांत खरी रॅकेट घेतली, आणि तीन महिन्यांच्या आंत ती एका स्थानिक स्पर्धेंत उतरून दुसरी आली. येथून पुढें व्यायाम मागें पडला आणि तपश्चर्या सुरू झाली.

शार्ल लांग्लेन हे स्वतः मोठे टेनिसपटू नव्हते. पण त्यांची निरीक्षणशक्ति विलक्षण होती. नीसच्या किनाऱ्यावर युरोपांतील नामांकित पुरुष खेळाडू हिवाळ्यांत खेळावयास येत. त्यांचे सामने पाहून त्यांच्या ध्यानांत आलें कीं, स्त्रिया मागच्या रेषेजवळ उभ्या राहून केवळ चेंडू परतवीत बसतात, तर पुरुष पुढें येतात, जाळ्याजवळ चेंडू हवेंतच मारतात आणि प्रतिपक्षाला पळवितात. आपल्या मुलीनें पुरुषांसारखेंच खेळलें पाहिजे असें त्यांनीं ठरविलें, आणि पुरुषांशींच तिचा सराव चालू केला. कोर्टावर हातरुमाल पसरून त्यावर चेंडू पाडावयास ते तिला सांगत. ती तें साधूं लागली म्हणजे रुमालाची घडी घालून तो लहान करीत. तिच्या अचूकपणाचें हें मूळ म्हणून पुढें सर्वत्र सांगितलें जाऊं लागलें.

ह्या शिक्षणाला दुसरीहि एक बाजू होती. चूक झाली तर आईबाप दोघेहि तिला चारचौघांत बोलत. सामना चालू असतां ती खचूं लागली तर वडील ब्रँडींत भिजविलेली साखर तिच्याकडे टाकीत. आपल्या पुष्कळ घरांत परीक्षेच्या दिवसांत मुलाच्या उशाशीं बसून त्याच्यापेक्षां अधिक जागणारे वडील असतात. शार्ल हे त्याच जातीचे. त्यांच्या प्रेमाविषयीं संशय घेण्याचें कारण नाहीं. पण त्या प्रेमाचा भार मुलीच्या अशक्त छातीवर किती पडत होता, ह्याचा हिशेब त्या घरांत ठेवला जात नव्हता.

फळ मात्र लौकर आलें. १९१४ सालीं फ्रान्सच्या राष्ट्रीय स्पर्धेंत ती अंतिम सामन्यापर्यंत पोंचली आणि तेथें मार्गेरीत ब्रोकेदिस हिच्याकडून हरली. त्यानंतर लागलीच पॅरिसजवळील सँ-क्लू येथें झालेल्या मातीच्या कोर्टावरील जागतिक स्पर्धेंत तिनें अजिंक्यपद मिळविलें. त्या वेळीं तिला नुकतेंच पंधरावें वर्ष पूर्ण झालें होतें. त्याच उन्हाळ्यांत महायुद्ध पेटलें आणि स्पर्धा बंद पडल्या. युद्धाचीं वर्षें तिनें दक्षिण किनाऱ्यावर पुरुषांबरोबर सराव करण्यांत घालविलीं. १९१९ सालीं विंबल्डनची स्पर्धा पुन्हां सुरू झाली, तेव्हां इंग्लंडच्या लोकांनीं हें अपूर्व प्रकरण प्रथम पाहिलें.

त्या वर्षींचा अंतिम सामना हा टेनिसच्या इतिहासांतील एक संस्मरणीय प्रसंग आहे. एका बाजूला श्रीमती डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स. वय ४०, विंबल्डनचें अजिंक्यपद सात वेळां मिळविलेल्या, एका धर्मोपदेशकाच्या कन्या, पोषाख घोट्यापर्यंत लांब. दुसऱ्या बाजूला २० वर्षांची सूझान. बाह्या आंखूड, झगा पोटरीपर्यंतच, आणि कमरेला आवळणारी चोळी तर मुळींच नाहीं. राजे पंचम जॉर्ज व राणी मेरी हीं प्रेक्षकांत बसलेलीं होतीं. पहिला सेट सूझाननें १०-८ असा घेतला, दुसरा चेंबर्सबाईंनीं ६-४ असा. तिसऱ्या सेटमध्यें ४-१ अशी आघाडी असतांना सूझान गळाली आणि बाई ६-५ अशा पुढें गेल्या. एवढेंच नव्हे, तर सामना जिंकण्यास त्यांना एकच गुण पुरे होता व तो मिळविण्याच्या दोन संधि त्यांच्या हातीं होत्या. त्यांपैकीं एक संधि सूझाननें टाळली ती रॅकेटच्या तारांनीं नव्हे, तर लांकडी कडेनें. चेंडू कडेला लागून कसाबसा जाळ्यापलीकडे पडला. शेवटीं १०-८, ४-६, ९-७ असा तिनें सामना जिंकला. त्या काळापर्यंत विंबल्डनला स्त्रियांचा इतका लांबलेला अंतिम सामना झाला नव्हता.

येथून सात वर्षें तिचें राज्य चाललें. विंबल्डनचें एकेरी अजिंक्यपद तिनें १९१९ ते १९२३ आणि पुन्हां १९२५ असें सहा वेळां मिळविलें. १९२४ सालीं काविळीच्या अशक्तपणामुळें तिला मध्येंच स्पर्धा सोडावी लागली. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्यें एकेरीचें सुवर्णपदक जिंकतांना तिनें सर्व सामन्यांत मिळून अवघे चार गेम गमावले. १९२५ च्या विंबल्डनमध्यें पांच. झां पातू ह्या नामांकित शिवणकारानें तिचे पोषाख बेतलेले असत, आणि डोक्याभोंवतीं गुंडाळलेली तिची रंगीत रेशमी पट्टी हजारों मुली बांधूं लागल्या. नर्तकीसारखी उडी घेऊन चेंडू मारणाऱ्या ह्या मुलीला पाहण्यासाठीं लोक रांगा लावीत. विंबल्डनची जुनी जागा अपुरी पडून १९२२ सालीं स्पर्धा चर्च रोडवरील नव्या विस्तीर्ण क्रीडांगणावर गेली, त्याला जीं कारणें झालीं त्यांत तिच्या सामन्यांना लोटणारी गर्दी हेंहि एक होतें.

एकच डाग ह्या काळांत लागला. १९२१ सालीं युद्धानें उद्ध्वस्त झालेल्या फ्रेंच प्रदेशाच्या मदतीसाठीं सामने खेळावयास ती अमेरिकेस गेली. वडील बरोबर नव्हते, आई होती. समुद्रप्रवासानें प्रकृति बिघडलेली, आणि विसांव्याला सवडहि मिळाली नाहीं. अमेरिकन स्पर्धेंत मॉला मॅलरी हिच्याविरुद्ध पहिला सेट ती २-६ असा हरली आणि दुसरा सुरू होतांच खोकत, रडत कोर्टाबाहेर गेली. पळपुटी म्हणून वृत्तपत्रांनीं तिची निर्भर्त्सना केली. पुढल्याच वर्षीं विंबल्डनच्या अंतिम सामन्यांत तिनें मॅलरीबाईंना ६-२, ६-० असें २६ मिनिटांत हरवून त्याचें उत्तर दिलें. महायुद्धानंतरच्या तिच्या हौशी कारकीर्दींत एकेरीच्या सामन्यांतील पराभव तो एवढाच.

आतां पैशाचा प्रश्न. त्या वेळच्या नियमाप्रमाणें मोठ्या स्पर्धांत खेळणाराला खेळाबद्दल एक पैहि घेतां येत नसे. जो घेईल तो ‘धंदेवाईक’. त्याला विंबल्डन बंद, राष्ट्रीय स्पर्धा बंद. नियमाचें वरचें रूप सात्त्विक होतें. पण वर्षाचे आठ आठ महिने प्रवास, हॉटेलांतील वास्तव्य, पोषाख, रॅकेटी, हा खर्च खेळाडूनें कोठून करावा, ह्याचें उत्तर नियमांत नव्हतें. खर्चाच्या नांवाखालीं मागल्या दारानें पैसे देण्याची चाल त्यामुळेंच पडली. उजेडांत मिळविलेला रुपया अपवित्र आणि अंधारांत मिळालेला पवित्र, असा तो धर्म होता.

हा नियम दूरच्या लोकांस किती जड होता, ह्याचें एक उदाहरण आपल्या मुंबईचें आहे. संस्कृत ग्रंथकर्त्या पंडिता क्षमाबाई राव ह्या स्वतः टेनिस खेळत. त्यांच्या कन्या लीला राव ह्यांनीं १९३४ सालीं विंबल्डनला जाऊन पहिल्या फेरींतला सामना जिंकला. त्या स्पर्धेंत सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांचें कर्तृत्व निःसंशय त्यांचें स्वतःचें होतें. परंतु वडील मुंबईचे नामांकित डॉक्टर, घर सुसंस्कृत व संपन्न, म्हणून तें कर्तृत्व लंडनपर्यंत पोंचूं शकलें. गिरगांवांतल्या एखाद्या कारकुनाच्या मुलीच्या हातांत तीच कला असती, तरी बोटीच्या तिकिटापाशींच तिची स्पर्धा संपली असती.

सूझानच्या बाबतींत हा विरोध पराकोटीला गेला तो १९२६ सालीं. त्या वर्षीं १६ फेब्रुवारीस कान येथील कार्लटन क्लबच्या कोर्टावर तिचा अमेरिकेच्या २० वर्षांच्या हेलन विल्सशीं सामना झाला. देशोदेशींचे बातमीदार जमले; बसण्याच्या जागा घाईघाईनें वाढविण्यांत आल्या; तिकिटें चढ्या भावानें विकलीं गेलीं; शेजारच्या घरांच्या छपरांवर आणि झाडांवर माणसें चढलीं. पहिला सेट सूझाननें ६-३ असा घेतला. दुसऱ्यांत ती ६-५ अशी पुढें असतांना विल्सचा एक फटका बाहेर गेल्याचा पुकारा झाला, दोघींनीं हातांत हात दिले आणि लोक कोर्टावर धांवले. इतक्यांत रेषेवरच्या पंचानें येऊन सांगितलें कीं, आपण पुकारा केलाच नाहीं, तो प्रेक्षकांतून कोणी केला. चेंडू आंतच होता. सामना संपला असें समजून ज्याचें मन सैल पडलें आहे, त्याला पुन्हां धनुष्य चढवावयास सांगणें ही कठीण परीक्षा होय. सूझान तो गेम हरली, तरीहि शेवटीं तिनें सेट ८-६ असा जिंकला, आणि मग बांकावर बसून ती रडली. त्या दिवशीं हॉटेलवाले, तिकीटविके, चित्रपटवाले आणि वृत्तपत्रें ह्यांनीं भरपूर कमाई केली. ज्या दोघी खेळल्या त्यांना बक्षिसाचा एक पैसाहि घेतां येत नव्हता.

त्याच वर्षीं जून महिन्यांत विंबल्डन स्पर्धेच्या पन्नासाव्या वर्षाचा उत्सव झाला. पहिल्या दिवशीं जुन्या विजेत्यांना राजाराणींच्या उपस्थितींत स्मृतिपदकें देण्यांत आलीं, त्यांत सूझानहि होती. तिसऱ्या दिवशीं तिच्या सामन्यांच्या वेळेसंबंधीं घोटाळा झाला. दुहेरीपूर्वीं एकेरीचा सामना ठेवल्याचें तिला मान्य नव्हतें, आणि तिचा निरोप पंचप्रमुखांपर्यंत नीट पोंचला नाहीं. राणी मेरी तिचा खेळ पाहावयास येऊन बसल्या होत्या. सूझान उशिरां आली आणि त्या दिवशीं खेळली नाहीं. मुद्दाम राणीचा अपमान केला अशी ओरड झाली. ज्या प्रेक्षकांनीं सात वर्षें तिला डोक्यावर घेतलें होतें त्यांचा नूर एका दिवसांत पालटला. चूक तिच्याकडेहि नव्हती असें नाहीं. लाडांत वाढलेल्या माणसाचा ताठा तिच्या ठायीं होता. प्रकृतीच्या कारणास्तव तिनें स्पर्धा अर्ध्यावर सोडली, आणि पुन्हां ती विंबल्डनच्या स्पर्धेंत कधींच खेळली नाहीं.

ऑगस्टमध्यें चार्ल्स पाइल ह्या अमेरिकन व्यवस्थापकाशीं तिनें ५०,००० डॉलरांचा करार केला. पहिला सामना ९ ऑक्टोबर १९२६ रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें सुमारें १३,००० प्रेक्षकांपुढें झाला. तिच्यासमोर मेरी ब्राउन ही पूर्वीची अमेरिकन विजेती होती. त्यानंतर चार महिने गांवोगांव हिंडून दोघींनीं ३८ सामने खेळले आणि ते सर्व सूझाननेंच जिंकले. तिच्यावर चहूंकडून टीका झाली. विंबल्डनच्या क्लबानें तिचें सन्माननीय सभासदत्व काढून घेतलें. तिनें जो खुलासा प्रसिद्ध केला त्याचा आशय असा : आपल्या खेळावर इतरांनीं लाखो फ्रँक मिळविले, आपलें वय २७ झालें तरी आपण श्रीमंत नाहीं, आणि ह्या खेळाखेरीज दुसरा व्यवसाय आपणांस येत नाहीं, ह्या जुनाट नियमांमुळें श्रीमंतांनाच खेळतां येतें, आणि प्रत्यक्षांत तेच खेळतात, हें न्यायाचें आहे काय?

ह्या प्रश्नाचें उत्तर द्यावयास टेनिसच्या चालकांना ४२ वर्षें लागलीं. बिल टिल्डन, फ्रेड पेरी, डॉन बज, जॅक क्रेमर असे एकामागून एक मोठे खेळाडू तिच्याच वाटेनें गेले आणि प्रत्येकाला तेच दरवाजे बंद झाले. अखेर १९६८ सालीं मोठ्या स्पर्धा सर्वांस खुल्या करण्यांत आल्या. त्या वर्षीं विंबल्डनला पुरुष विजेत्याला २,००० पौंड आणि स्त्री विजेतीला ७५० पौंड मिळाले. दोघांना समान रक्कम मिळूं लागली ती २००७ पासून.

सूझानला ह्यांतलें कांहींच पाहावयास मिळालें नाहीं. १९२७ मध्यें इंग्लंडांत थोडेसे धंदेवाईक सामने खेळल्यावर तिच्या स्पर्धात्मक खेळाचा शेवट झाला. तिच्याशीं झुंजणाऱ्या सर्व बलाढ्य स्त्रिया हौशींच्या कुंपणाआंत राहिल्या होत्या. करारानें पैसे मिळाले, पण तोलामोलाची प्रतिस्पर्धी मिळाली नाहीं. आणि खऱ्या खेळाडूला ह्यापेक्षां मोठें एकाकीपण नाहीं. पुढें तिनें पॅरिसमध्यें मुलांसाठीं टेनिसची शाळा चालविली. ज्या मुलीला बालपणांत खेळ हा खेळ म्हणून फार थोडा मिळाला, तिनें शेवटचीं वर्षें मुलांना खेळावयास शिकविण्यांत घालवावीं, ही तिच्या चरित्रांतील सर्वांत समाधानाची गोष्ट होय. १९३८ सालीं पांडुरोगाच्या एका घातक प्रकारानें ती आजारी पडली आणि ४ जुलै रोजीं, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षीं, पॅरिसमध्यें वारली. दोनच दिवसांपूर्वीं हेलन विल्सनें विंबल्डनचें आपलें आठवें अजिंक्यपद मिळविलें होतें.

आज पॅरिसच्या रोलां गारो क्रीडांगणांतील एका भव्य कोर्टाला सूझान लांग्लेनचें नांव आहे, आणि स्त्रियांच्या एकेरीची विजेती जो चषक उंचावते तोहि तिच्याच नांवाचा आहे. त्या कोर्टावर खेळणारी प्रत्येक खेळाडू तिच्याच भाषेंत बोलावयाचें तर धंदेवाईक आहे, आणि म्हणूनच तेथें सामान्य घरांतल्या मुलीहि पोंचूं शकतात.

सूझानच्या चरित्रांतून आईबापांनीं घ्यावयाचें तें दुहेरी आहे. शार्ल लांग्लेन ह्यांच्या रुमालाशिवाय ती अजिंक्य झाली नसती. परंतु अकरा वर्षांच्या मुलीच्या हातीं आपण दिलेली रॅकेट ही पुढें तिची होते, आपली राहत नाहीं, हें ध्यानांत ठेवणें त्या रुमालाइतकेंच आवश्यक आहे. आणि ज्या विद्येसाठीं मुलाचें सारें बालपण आपण मागून घेतलें, त्या विद्येचें मोल त्यानें मोठेपणीं उघडपणें मागितलें, तर त्याला लोभी म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाहीं. कलेवर प्रेम आहे कीं नाहीं हें कलावंत पैसे घेतो कीं नाहीं ह्यावरून ठरत नाहीं. सूझाननें पन्नास हजार डॉलर घेतले, आणि ज्यांना हरविण्यांत कांहींच कीर्ति उरली नव्हती असे अडतीस सामने तिनें अडतीसहि वेळां जिंकूनच दाखविले.